दव वाळेस्तोवर शाळा

बोरखडीचे लोक गोवर्धन मास्तरला दगड म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिवस्याकडच्या वाटेवरचं ते साठ-सत्तर घरांचं गाव. तिथे पाठीमागचं बोलणं कानावर यायला असा कितीसा वेळ लागतो? गोवर्धनच्याही कानावर आलं, आणि त्याला काहीच वाटलं नाही. बायको मेली तरी ज्याच्या डोळ्याला पाणी आलं नाही, त्याला दगड म्हटल्याचं काय वाटणार, असं लोक म्हणत. लोकांना काय हो, बोलायला पैसे थोडेच पडतात? मला त्या बोलण्याचा अजून राग येतो, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

गोवर्धन जातीचा माळी. नदीकाठी बापाची वांग्या-मिरचीची वाडी होती. गावात वामनराव नावाचे एक म्हातारे पंतोजी मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर पोरं घेऊन बसायचे. बापाने रोजच्या भाजीच्या बदल्यात गोवर्धनला तिथे नेऊन बसवलं. पोरगं तल्लख निघालं. पुढे पंतोजींची नजर गेली, तेव्हा त्यांनी आपली छडी गोवर्धनच्या हातात दिली. माळ्याच्या पोराने शिकवायचं म्हणजे काय, असं दोन-चार जण कुरकुरले. पण दुसरा कोणी मिळत नव्हता, म्हणून चालवून घेतलं.

पंतोजींच्या शाळेची खूण म्हणजे आवाज. मास्तरने एक ओळ म्हणायची आणि तीस पोरांनी तीच ओळ बेंबीच्या देठापासून परत ओरडायची. वावरात निंदत बसलेल्या बायांनाही कळायचं, की शाळा चालू आहे. मास्तर बोलला की आपण तेच परत म्हणायचं, हे बोरखडीच्या पोरांच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की एकदा पंतोजींना ओळीच्या मधेच ठसका लागला तर तीसच्या तीस पोरं ठसकली. खोटं सांगत नाही.

ह्या आवाजावर आणखी एक माणूस शिकलं होतं, ते गोवर्धनची बायको सत्यभामा. देवळामागच्या विहिरीवर पाणी भरता भरता तिचे पाढे पाठ झाले होते. गोवर्धन घरी पाढे पुटपुटत बसला आणि सतरावर अडखळला, की चुलीजवळून उत्तर यायचं. तो चिडायचा. तसा तो फार तापट होता तेव्हा. पोराने उत्तर द्यायला एक क्षण लावला की छडी सपकन बसायची. सत्यभामा म्हणायची, “तुमी विचारता अन् तुमीच मारता. पोट्ट्यानं तोंड तरी कवा उघडावं?” मूलबाळ नव्हतं त्यांना. घरात तो, ती आणि म्हातारी आई गंगूबाई. नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायचं नाही अशी रीत. लग्नातल्या उखाण्यानंतर गोवर्धनने तिचं नाव पुन्हा तोंडातून काढलं नव्हतं. “ऐकलं का” म्हटलं की ती ओ द्यायची.

अशातच कुठल्या त्या अमेरिकेत गोरे आपसांत लढायला लागले, आणि आमच्या वऱ्हाडात कापसाला कधी नव्हे तो भाव आला. लोक नुसते पिसाटले. कोणी ज्वारी मोडली, कोणी चराऊ रान मोडलं. गोवर्धनच्या बापाने मरायच्या आधी वांगी उपटून वाडीत कापसाची पऱ्हाटी लावली. अमरावतीच्या वाटेवर कापसाच्या बैलबंड्यांची रीघ लागली. त्याच दिवसांत सरकारने शाळा काढायला सुरुवात केली. तिवस्याला शाळा मंजूर झाली, हे कळल्यावर बोरखडीचे खुशालराव पाटील पेटून उठले. “तिवस्याले शाळा, अन् आमाले नाई? आमचा कापूस काय काळा हाये?” अर्ज गेला. वरून उत्तर आलं, की एक वर्षाच्या बोलीवर शाळा देऊ. मास्तरने आधी अकोल्याला सहा महिने राहून शिकवायचं कसं ते शिकावं, परीक्षा द्यावी, आणि मग वर्षभराने शाळा तपासणारे डिपुटीसाहेब येऊन पाहतील. पटलं तर शाळा कायम. नाही पटलं तर शाळा जाईल तिवस्याला, आणि पाच कोस चालत तिथे बोरखडीचं एकही पोर जाणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

गोवर्धनचं मन होईना. शिकवायचं कसं ते शिकायचं, हेच त्याला आधी अपमानाचं वाटलं. सत्यभामाने त्याचं धोतर घडी करून पिशवीत घातलं.

“जा न तुमी. मले काय वाघ खाते इथं? वेचणी आली की पाटलाच्या वावरात जाईन. सहा मईने काय, असे निंगून जातीन.”

गेला. आषाढात गेला.

अकोल्याच्या त्या शाळेत देशावरचे भगवंतराव म्हणून शिक्षक होते. बारीक आवाजाचे, नेहमी स्वच्छ पगडीतले. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या जुन्या पंतोजींच्या छड्या गोळा करून खुंटीला टांगल्या. म्हणाले, “मुलांच्या हातात आधी वस्तू द्या. मग प्रश्न विचारा. आणि विचारल्यावर थांबा. दहा श्वास मोजा.” गोवर्धनला तीन श्वासांच्या वर थांबता येईना. चौथ्याला हात शिवशिवायचा, तोंडात उत्तर यायचं. भगवंतराव हसून म्हणायचे, “गोवर्धनराव, मुलं मंद नसतात हो. तुम्ही उतावळे आहात.” दुसरी त्यांची शिस्त अशी, की मुलाने जे उत्तर दिलं असेल, बरोबर असो की चूक, ते टाकून द्यायचं नाही, मास्तरने ते पूर्ण वाक्यात सगळ्या वर्गाला सांगायचं, म्हणजे बोलणाऱ्याला वाटतं की आपलं ऐकलं गेलं. आणि पोरांनी एकसुरात ओरडायचं नाही. ऐकायचं.

गोवर्धनने हे सगळं मन लावून केलं, पण पंतोजीच्या पद्धतीने. भगवंतरावांनी नमुन्याचे पाठ लिहून दिले होते: मडक्याचा पाठ, लिंबाच्या पानाचा पाठ, कापसाचा पाठ. ह्या गड्याने प्रश्न पाठ केले आणि त्यांची उत्तरंही पाठ केली! कापूस कसा असतो? कापूस पांढरा असतो. कापूस हाताला कसा लागतो? मऊ लागतो. भगवंतरावांनी कपाळाला हात लावला. “अहो, उत्तरं कसली पाठ करता? उत्तरं मुलांची असतात.”

कार्तिकात एक दिवस दुपारी शाळेच्या दाराशी एक बंडीवाला आला. तो बोरखडीचा नव्हता. बोरखडीच्या बंडीवाल्याने अमरावतीच्या बाजारात त्याला निरोप दिला होता, तो त्याने पोचवला. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. तो म्हणाला, “मास्तर, तुमच्या घरी पान लागलं. बारा दिवस झाले.” एवढंच सांगून तो बैलांना पाणी पाजायला गेला.

गोवर्धन बाजारात जाऊन आला. जी बंडी पाहावी ती कापसाने भरलेली, आणि तोंड दुसरीकडे. चालत जायचं तर पाच दिवस. तेरवी उद्याच होती. परीक्षा आठ दिवसांवर आली होती. तो परत आला. त्या दुपारी नमुन्याचा पाठ घ्यायची पाळी त्याचीच होती, आणि पाठ कापसाचा होता. भगवंतरावांना निरोपातलं काही माहीत नव्हतं. गोवर्धन उभा राहिला, प्रश्न विचारला, आणि पहिल्यांदाच दहा श्वास थांबला. अकरावाही घेतला. हात शिवशिवला नाही. तोंडात उत्तर आलं नाही. काहीच आलं नाही. भगवंतराव मागून म्हणाले, “वा! आज जमलं.” आणि गोवर्धनला तेव्हा कळलं, की आपल्याला आत काही वाटेनासं झालंय.

परीक्षा दिली, निकाल लागेस्तोवर थांबला, पास झाला, आणि पौषात घरी आला. गंगूबाईने दांडीवरचं सुनेचं लुगडं काढून ठेवलं होतं. चूल तीच, पाटा तोच. म्हातारीने भाकर वाढली, तो जेवला. चव कळली नाही, पण पोट भरलं. आईने विषय काढला नाही, कारण पोराचं तोंड बघून तिची छाती झाली नाही. आणि त्याने काढला नाही, कारण काढायला त्याच्याजवळ काही नव्हतं. पार्बताबाई नावाची शेजारची बाई पान लागलं त्या दिवशी सत्यभामाच्या बाजूच्या ओळीत कापूस वेचत होती. ती दोनदा दारापर्यंत आली, उभी राहिली आणि परत गेली. गोवर्धनने तिला बस म्हटलं नाही. बायकोचं शेवटचं कसं झालं, काय म्हणाली, हे त्याने कोणालाच विचारलं नाही. दिवसभर शाळेत प्रश्न विचारणारा माणूस!

शाळा मात्र त्याने चालवली, आणि अशी चालवली की काय सांगू. छडी देवळाच्या आढ्याला खोचून टाकली. पोरांच्या हातात मडकं दिलं, ज्वारीचं कणीस दिलं, हळकुंड दिलं. विचारायचा आणि थांबायचा. पहिले काही दिवस पोरं भेदरून बघायची, की मास्तरचा हात आता उठेल, मग उठेल. तो उठेना. मग हळूहळू तोंडं उघडली. चूक उत्तर आलं तरी तो शांतपणे पूर्ण वाक्यात परत सांगायचा, आणि दुसरं कोणी काही वेगळं म्हणतं का ते बघायचा. ह्या थांबण्याचं गावात कौतुक व्हायला हवं होतं, पण त्याला स्वतःलाच त्यात काही कौतुक वाटत नव्हतं. जो माणूस कशाचीच वाट बघत नाही, त्याला थांबायला काय कठीण?

पोरांची परत ओरडायची खोड मात्र जाईना. तो एखादं उत्तर पूर्ण वाक्यात सांगायला गेला, की तीस पोरं तेच वाक्य गर्जून म्हणायची. मग त्याने एक खूण ठरवली: मास्तरचा तळहात वर असेल तेव्हा फक्त ऐकायचं, हात खाली असला तर म्हणायचं. दोन महिने लागले त्याला. आणि जमलं, तर खुशालराव पाटील तणतणत ओसरीवर आले.

“मास्तर, शाळा मेली का काय तुमची? पंधरा दिवस झाले, आवाज नाई. लोकं म्हणून राहिले, सरकारचा पगार खाऊन मास्तर पोट्ट्यायले झोपवते.”

“झोपत नाही जी. विचार करतात.”

“विचार कराले काय आवाज नाई येत?”

गोवर्धनने वाद घातला नाही. सुटीच्या आधी तो हात खाली सोडायचा आणि पाढ्यांची एक फेरी मोठ्याने म्हणवून घ्यायचा, खास पाटलाच्या कानासाठी. पाटील खूश, पोरं त्याहून खूश.

वेचणीचा हंगाम आला तसं पोरं गळायला लागली. तीसची अठरा झाली, अठराची अकरा. पोराच्या दोन हातांना त्या वर्षांत किंमत होती. आईबापांना दोष देऊन काय उपयोग? पण डिपुटीसाहेब हंगामातच येणार होते, आणि रिकाम्या ओसरीकडे बघून ते काय लिहून जातील हे सांगायला ज्योतिषी नको. गोवर्धनने दोन दिवस विचार केला आणि त्याला साधीच गोष्ट सुचली. दव असेपर्यंत कोणी कापूस वेचत नाही. ओला कापूस काळा पडतो. म्हणजे दिवस उगवल्यापासून दव वाळेपर्यंत पोराचं घरी काही काम नसतं. त्याने शाळा दिवस उगवताना भरवायला सुरुवात केली. देवळाला लागून पाटलाचं वावर होतं, त्यातल्या कडेच्या झाडाचं पान चाचपून यायचं काम रोज एका पोराकडे असायचं. पान कोरडं झालं, की तो येऊन “वाळलं!” म्हणायचा, आणि पोरं कापूस वेचायचे फडके घेऊन वावराकडे पळायची. आठ दिवसांत ओसरी परत भरली. अकोल्यात हे कोणी शिकवलं नव्हतं. हे त्याचं त्याने काढलं.

फक्त एक पोर बोलत नव्हतं. पार्बताबाईचा नत्थू, सात वर्षांचा. येऊन बसायचा, पाटीवर लिहायचा, पाढे म्हणायचा, पण त्याला एकट्याला काही विचारलं की मान खाली. गोवर्धन रोज त्याला एक प्रश्न विचारायचा, दहा श्वास थांबायचा, आणि म्हणायचा, “बरं, उद्या.” पावणेदोनशे दिवस तरी झाले असतील. इतर पोरं हसायची थांबली. तो भाग रोजच्या शाळेचाच होऊन गेला.

कापसाचा पाठ गोवर्धनने वर्षभर घेतला नव्हता. का, असं कोणी विचारलं असतं तर म्हणाला असता, की राहून गेला.

डिपुटीसाहेब कार्तिकात आले. त्यांना मुक्काम करून पहाटेच उठावं लागलं, कारण शाळाच तशी, म्हणून जरा वैतागलेले होते. ओसरीवर घोंगडी टाकली, ते बसले. पाटील बाजूला उभे. एकतीस पोरं रांगेत. गोवर्धन हात जोडून उभा राहिला, तेव्हा त्याला एवढंच स्पष्ट दिसत होतं: ही शाळा गेली, तर उद्यापासून सकाळी उठायचं कशाला, हे आपल्याला सांगता येणार नाही. त्याची भीतीसुद्धा नीट वाटत नव्हती. नुसतं माहीत होतं.

साहेबांनी अकोल्याहून आणलेली पाठांची यादी उघडली, मग समोरच्या पांढऱ्या वावराकडे पाहिलं. “कापसाचा पाठ घ्या.”

पोरं वावरातून ओली बोंडं घेऊन आली. प्रत्येकाच्या हातात एक. गोवर्धनने दोन हातांत दोन घेतली आणि पाठ केलेला पहिला प्रश्न विचारला, “कापूस कसा असतो?”

“पांढरा.”

“हाताला कसा लागतो?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. जी पोरं उठून जाऊन मण मण कापूस वेचणार होती, त्यांना हे विचारणं! पाटलाचाच पोरगा म्हणाला, “मास्तर, तुमाले माईत नाई काय?” ओसरी हसली. साहेबांच्या ओठांवरही हसू आलं, पण त्यांची लेखणी खाली आली. “मास्तर, त्यांना जे ठाऊकच आहे तेच विचारून काय साधलं?”

पाटलांचा चेहरा पडला. गोवर्धनच्या पाठ केलेल्या पाठात पुढे सहा प्रश्न होते, आणि सहाही असेच. तो थांबला. भगवंतरावांचं वाक्य त्याला आठवलं, उत्तरं मुलांची असतात. त्याने पाठ सोडून दिला.

“बरं. मी काहीच विचारत नाही. कापसाबद्दल ज्याला जे माहीत असेल, ते त्याने सांगावं.”

दहा श्वास. मग एकेक हात वर आला. ओला वेचला तर काळा पडते. सुकलेल्या बोंडाची टोकं नखाखाली जातात, रक्त निघते. पहिल्या वेच्याच्या दिवशी वावराच्या कोपऱ्यात दहीभात ठेवून सीतादही करतात, मंगच वेचतात. सरकी खाऊन म्हैस दूध जास्त देते. गोवर्धन तळहात वर धरून प्रत्येक उत्तर पूर्ण वाक्यात सांगत गेला, पोरं गुपचूप ऐकत गेली. साहेब लिहायला लागले. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला.

सगळे झाले, तेव्हा रोजच्या सवयीने गोवर्धन नत्थूकडे वळला. “नत्थू, तुला काय माहीत आहे कापसाबद्दल?”

एक श्वास, दोन श्वास. नत्थूची मान खाली. सात, आठ. साहेबांनी लेखणी थांबवून पाहिलं. दहा झाले. गोवर्धन “बरं, उद्या” म्हणणार, तोच पोराने हातातल्या बोंडाकडे बघत तोंड उघडलं.

“कापसात सत्यभामाकाकीले पान लागलं. मी वावराच्या धुऱ्यावर बसलो होतो. काकी माह्या मायले म्हणे, मास्तरले निरोप धाडू नका, त्यायची परीक्षा हाये. मंग काकी मेली.”

पाटलांनी मान फिरवली. गोवर्धन उभा होता. मुलाने उत्तर दिलं होतं. पावणेदोनशे दिवसांनी दिलं होतं. ते टाकून देता येत नव्हतं. पूर्ण वाक्यात सगळ्या वर्गाला सांगायला हवं होतं. दोन हातांत दोन बोंडं तशीच होती आणि हात खाली होते.

तो म्हणाला, “कापसात सत्यभामाले पान लागलं.”

मास्तरचा हात खाली. एकतीस पोरांनी छातीत वारा भरला आणि गर्जून म्हटलं,

“कापसात सत्यभामाले पान लागलं!”

देवळाचा घुमट घुमला. वाटेवरून फडके खांद्यावर टाकून वेचायला निघालेल्या बाया जागच्या जागी थांबल्या. त्यांत पार्बताबाई होती. गोवर्धनला हात वर करायचं सुचलं नाही, आणि वाक्य अर्धं राहिलं होतं.

“ते म्हणे, मास्तरले निरोप धाडू नका, त्याची परीक्षा हाये.”

“ते म्हणे, मास्तरले निरोप धाडू नका, त्याची परीक्षा हाये!”

“मंग सत्यभामा मेली.”

“मंग सत्यभामा मेली!”

ज्या बाईचं नाव त्याने कधी घेतलं नव्हतं, जिचं मरण त्याने वर्षभर कुणाला विचारलं नव्हतं, तिचं नाव आणि तिचं मरण एकतीस पोरं साऱ्या गावाला ओरडून सांगत होती. गोवर्धनच्या हातातली बोंडं खाली पडली. तो खाली बसला, आणि मग मास्तर रडला. लहान पोरासारखा, तोंड वासून, आवाज करून रडला. तो आवाज पोरांनी परत काढला नाही. ती बसून राहिली. मास्तर त्यांच्यासाठी थांबायचा, तशी ती त्याच्यासाठी थांबली. दहा श्वास झाले, वीस झाले. पान बघायला गेलेला पोरगा पायरीवर आला, हळूच “वाळलं” म्हणाला, आणि कोणी उठलं नाही.

डिपुटीसाहेबही उठले नाहीत. बऱ्याच वेळाने गोवर्धनने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, नत्थूला जवळ बोलावलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “बरोबर आहे बाळा तुझं उत्तर,” म्हणाला. मग पोरांना वावरात जायला सांगितलं. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, की मास्तर विचारतो आणि थांबतो, मुले निर्भयपणे बोलतात. एकसुरात ओरडण्याची जुनी खोड बाकी आहे. शाळा कायम करावी. पाटलांनी ते दोनदा वाचवून घेतलं. ओसरीच्या पायरीशी पार्बताबाई पदर तोंडाला लावून उभी होती. ह्या वेळी गोवर्धनच तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, “सांग न बाई. सगळं सांग.” तिने उभ्याउभ्या सगळं सांगितलं, आणि त्याने मधे एकदाही तोंड उघडलं नाही.

घरी आला तेव्हा गंगूबाई चुलीपुढे बसली होती. भाकर तव्यावर करपून गेली होती आणि म्हातारीचं तिकडे लक्ष नव्हतं. सुनेचं लुगडं तिने पेटीतून काढून मांडीवर घेतलं होतं.

“माय,” तो म्हणाला, “सत्यभामा मेली वो.”

“हो रे बाबा,” म्हातारी म्हणाली. “आज शाळेचा आवाज घरापावेतो आला.”